माफी मागून झाल्यावर

"स्वतःला माफ करणं म्हणजे चुकांवर पांघरूण घालणंच ना?" असं तुम्ही विचारलंत. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराचं, म्हणजे भावना टोकाला जाऊन आवरेनाशा होतात त्या मानसिक आजाराचं, निदान झालं, तरी ताईवर ओरडले की इंदूरला आमच्या रामबागेतल्या घराच्या गच्चीवर जाऊन स्वतःलाच घालूनपाडून बोलायचे. त्यानं राग कमी झाला नाही. शरम वाढली आणि शरमेतूनच पुढचा भडका. आता आधी ताईची माफी मागते, मग छातीवर हात ठेवून मनात म्हणते, "फार लागलं ना गं?" सुरुवातीला हे खोटं वाटतं. वाटू द्या.

डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) ही बॉर्डरलाइनवरची उपचारपद्धत घडवणाऱ्या मार्शा लिनेहान यांनी २०११ मध्ये तरुणपणीचा स्वतःचा मानसिक आजार जाहीरपणे सांगितला. स्वीकार आणि बदल, दोन्ही एकदम, हाच त्या पद्धतीचा गाभा. फारच असह्य झालं तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो.