रवांडा: स्मारकं आणि सफारी एकाच फेरीत बसवताना

रवांडाच्या फेरीच्या एका आराखड्यात राजधानी किगालीचं गिसोझी स्मारक (१९९४ च्या नरसंहारातल्या बळींचं) आणि अकागेरा हे सफारीचं राष्ट्रीय उद्यान एकाच दिवशी धरलंय, ते वेगळं करा. गिसोझीत सुमारे अडीच लाख लोकांचं दफन आहे. तिथे निदान तीन तास हवेत. न्यामाटाचं चर्च (तिथेही कत्तल झाली होती, आता तेही स्मारक आहे) पाहायचं तर त्याच दिवशी दुपारी, आणि तिथून पुढे काहीच ठेवू नका.

अकागेराला जाताना एक गोष्ट माहीत असावी. १९९४ च्या नरसंहारानंतर देशात परतलेल्या निर्वासितांना जमीन देण्यासाठी १९९७ मध्ये या उद्यानाचा निम्म्याहून अधिक भाग काढून घेतला गेला. गुरं आली, सिंह संपले. आजचे सिंह २०१५ पासून दक्षिण आफ्रिकेतून आणलेल्यांचे वंशज. म्हणजे सफारीतही इतिहास सुटत नाहीच! दक्षिण दारातून शिरून उत्तरेला बाहेर पडा. मोकळी गवताळ मैदानं उत्तरेकडे आहेत.

डोंगरातले गोरिला पाहण्याचा परवाना परदेशी पाहुण्यांना १५०० डॉलर, वयाची अट किमान १५ वर्षं, आणि भेट एकच तास. सर्दी-खोकला असेल तर वर सोडत नाहीत, कारण माणसाचा संसर्ग गोरिलांना होतो. आदल्या रात्री जवळच्या मुसांझे गावातच मुक्काम करा, सकाळी सातला किनिगीला, म्हणजे उद्यानाच्या कार्यालयात, हजेरी असते.

एप्रिल शक्यतो टाळा: मुसळधार पाऊस, आणि ७ तारखेपासून नरसंहारातल्या बळींसाठी राष्ट्रीय शोकसप्ताह.