मदत हवी आहे : बियांतील रोधक प्रथिने आणि किडींचे जुळवून घेणे

घेवड्याच्या बियांतील अल्फा-अमायलेज रोधक हे प्रथिन चवळीवरील भुंगेऱ्याच्या आतड्यातील स्टार्च पचवणारे विकर (एन्झाइम) निकामी करते आणि त्यामुळे अळीची वाढ खुंटते. मात्र घेवड्यावरच पोसणाऱ्या मेक्सिकन भुंगेऱ्यावर त्याचा परिणाम होत नाही, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला अडवणाऱ्या रोधकांनाही मर्यादा आहेत. घाटे अळी तर रोधकाला न जुमानणारी निराळी विकरेच स्रवू लागते.

अशा स्थितीत एकाच बीमध्ये वेगवेगळ्या विकरांना अडवणारे दोन रोधक असल्यास किडीचे हे जुळवून घेणे खरोखर लांबते का, याविषयी ज्यांनी प्रयोग केले आहेत त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. चाचणी कृत्रिम खाद्यावर केली होती की अखंड बियांवर, हेही आवर्जून कळवावे.