डीन स्मिथची टायटलं दोनच, मग काय झालं?

केरीकर
आम्ही राहतो नॉर्थ कॅरोलायनात, केरीला. चॅपल हिल आणि डरहॅम दोन्ही हाकेच्या अंतरावर, त्यामुळे कॉलेज बास्केटबॉलवरून इथल्या मराठी मंडळींतही युएनसीवाले (चॅपल हिलचं विद्यापीठ) आणि ड्यूकवाले (डरहॅमचं) असे दोन तट आहेत.

२०२२ चा पाडवा शनिवारी आला होता, २ एप्रिलला. सकाळी गुढी, दुपारी श्रीखंड-पुरी आणि रात्री न्यू ऑर्लिन्सहून फायनल फोर, म्हणजे उपांत्य फेरी : युएनसी विरुद्ध ड्यूक. शतकभराचं वैर, पण एनसीएए स्पर्धेत (कॉलेजांच्या राष्ट्रीय बाद स्पर्धेत) दोघं पहिल्यांदाच समोरासमोर. ज्यांच्याकडे जमलो होतो तिथे नवरा ड्यूकचा, बायको चॅपल हिलची. शेवटच्या अर्ध्या मिनिटात केलेब लव्हनं तीन गुणांचा बास्केट टाकला, ड्यूक हरलं आणि त्यांच्या कोच 'के'ची कारकीर्द तिथेच संपली. (आडनाव शुशेफ्स्की. स्पेलिंग बघून कुणालाच वाचता येत नाही, म्हणून सगळे 'के'वर भागवतात.) नवरा वाटी तशीच ठेवून उठला आणि म्हणाला, "असू दे. आमच्या माणसाची टायटलं पाच. तुमच्या डीन स्मिथची दोन."

टायटल म्हणजे राष्ट्रीय अजिंक्यपद. हे दोन-पाच तेव्हापासून डोक्यात बसलंय. स्मिथ सर १९६१ ते ९७ युएनसीचे कोच होते. ८७९ विजय, ११ फायनल फोर. आणि ती दोन टायटलं आली कशी? १९८२ च्या फायनलला जॉर्जटाऊनच्या फ्रेड ब्राऊननं शेवटच्या क्षणी बॉल चुकून आमच्या जेम्स वर्दीच्याच हातात दिला. १९९३ च्या फायनलला मिशिगनच्या ख्रिस वेबरनं शिल्लक नसलेला टाइमआउट (खेळ थांबवण्याची मुभा) मागितला. ती दोन पोरं गडबडली नसती तर कदाचित शून्य टायटलं असती. मग सर कोच म्हणून कमी ठरले असते? बाद फेरीत एक रात्र वाईट गेली की घरी. त्यावर ३६ वर्षं कशी मोजायची?

निळा_सैतान
तो नवरा मीच. श्रीखंड नंतर संपवलं, नोंद असावी.

नशीब एकदा साथ देतं, दोनदा देतं. १९९१, ९२, २००१, १० आणि १५, असं पाचदा? ९२ च्या टीममधला लेटनर चार वर्षं ड्यूकमध्ये राहिला. २०१५ च्या टीममधली तीन मुलं एका वर्षात एनबीएला, म्हणजे व्यावसायिक लीगला, पळाली. दोन्ही तऱ्हांच्या पोरांना घेऊन हा माणूस जिंकला. १३ फायनल फोर, एकूण १,२०२ विजय. नियम सगळ्यांना सारखेच होते. निकाल आवडला नाही की पेपरच चुकीचा होता म्हणायचं, हे दहावीच्या पालकांसारखं झालं.

उंटावरचा_शहाणा
२०१० ची फायनल आठवते का? बटलरच्या गॉर्डन हेवर्डनं अर्ध्या कोर्टावरून फेकलेला बॉल रिंगला लागून बाहेर आला. ६१-५९. तो आत पडला असता तर पाचाचे चार.

आणि १९९४-९५ बद्दल ड्यूकवाले कधीच बोलत नाहीत. 'के' पाठीच्या दुखण्यानं रजेवर गेले तेव्हा टीम ९-३ होती (९ विजय, ३ पराभव). पुढे ४-१५ झालं, ते सगळं सहायक कोच पीट गॉडेटच्या नावावर लिहिलं. टीम तुम्ही निवडलेली, पराभव मात्र त्याचे!

निळा_सैतान
जो बाकावरच नव्हता त्याच्या खात्यात पराभव कसे टाकणार? आणि त्यांच्या खात्यात पराभव कमी नाहीत. ड्यूकमधली पहिली तीन वर्षं मिळून ३८ विजय, ४७ पराभव. देणगीदार हाकला म्हणत होते. टॉम बटर्स हे तिथले क्रीडा संचालक, त्यांनी उलट १९८४ मध्ये करार वाढवून दिला.

केरीकर
इथे आपलं जमलं. स्मिथ सरांचा तर १९६५ मध्ये स्वतःच्याच विद्यार्थ्यांनी पुतळा करून झाडाला टांगला होता. आज हे दोघं चौथ्या वर्षापर्यंत टिकलेच नसते. म्हणजे थोडं श्रेय कोचला न हाकलणाऱ्यालाही द्यायला हवं, त्याचा रकाना कुठेच नसतो.

जुनं_खोड
दोन आणि पाचावर काय भांडताय! जॉन वुडन, लॉस एंजेलिसच्या युसीएलए विद्यापीठाचे कोच. १२ वर्षांत १० टायटलं, त्यात १९६७ ते ७३ सलग ७. ८८ सामने सलग जिंकले. आणि मोसमाच्या पहिल्या दिवशी पोरांना काय शिकवायचे? मोजे घालायला. टाचेपाशी, बोटांपाशी सुरकुती राहता कामा नये, नाहीतर फोड येतो आणि फोड आला की खेळ गेला. तेही पहिलं टायटल १६ व्या मोसमात जिंकले बरं का.

उंटावरचा_शहाणा
तेव्हा स्पर्धेत साधारण २५ संघ, चार सामने जिंकले की झालं. आता सहा लागतात. शिवाय सॅम गिल्बर्ट नावाचे धनिक खेळाडूंची 'काळजी' घेत होते, त्याची शिक्षा युसीएलएला झाली १९८१ मध्ये, वुडन निवृत्त झाल्यावर.

जुनं_खोड
बाद फेरी तेव्हाही बाद फेरीच होती. सलग सात वर्षं एकदाही वाईट रात्र आली नाही, हे केरीकरांनी समजावून सांगावं. गिल्बर्टचं मात्र खरं आहे. डाग आहे तो.

नॉक्सव्हिलची_माई
वरून खालपर्यंत वाचलं. धागा कॉलेज बास्केटबॉलचा आहे ना, की फक्त पुरुषांचा? टेनेसीच्या पॅट समिट १९७४ मध्ये २२ व्या वर्षी हेड कोच झाल्या. टीमची व्हॅन स्वतः चालवायच्या, पोरींचे गणवेशही स्वतः धुवायच्या. १,०९८ विजय, ८ टायटलं, आणि चार वर्षं पूर्ण खेळलेली एकही मुलगी पदवीशिवाय गेली नाही. टायटलंच मोजायची तर युकॉनच्या (कनेटिकट विद्यापीठाच्या) महिला टीमचे कोच जीनो ऑरिएमांची २०२५ पर्यंत १२ झाली. सैतानभाऊ, तुमची मोजणी पाचावरच का थांबते?

निळा_सैतान
माई, पकडलंत. महिलांच्या स्पर्धेत तेव्हा चुरस कमी होती वगैरे लिहिणार होतो, पण मग तेच वुडननाही लागू होतं. खोडलं.

पण पदव्यांचं म्हणाल तर चॅपल हिलवाल्यांनी जपून बोलावं. तिथे १९९३ ते २०११ वर्गच न भरता एका पेपरवर गुण मिळत होते. अनेक खेळाडू त्यात होते.

केरीकर
होते. त्यातली चार वर्षं सरांच्या काळातली, हेही मान्य. तो भाग मला टोचतोच. सरांच्या ९६ टक्क्यांहून जास्त खेळाडूंनी पदवी घेतली असं मी वर लिहिणार होतो, याच भीतीनं टाळलं.

पण एक गोष्ट कुठल्या तक्त्यात बसवायची ते सांगा. बास्केट झाला की पास देणाऱ्याकडे बोट दाखवायचं, ही सवय त्यांनी पोरांना लावली. सर २०१५ मध्ये गेले. पुढच्याच महिन्यात जवळजवळ १८० माजी खेळाडूंना टपालानं प्रत्येकी २०० डॉलरचा चेक आला. मृत्युपत्रातच लिहून ठेवलं होतं, माझ्यातर्फे बाहेर जेवायला जा. त्यात स्टार होते तसे चार वर्षं बाकावर बसलेलेही होते. रक्कम सगळ्यांना सारखीच.

निळा_सैतान
हे छान आहे, खरंच. ट्रॉफ्या तरी दोनच.

डांबरी_टाच
(सैतानाची बायको) पाडव्याची रात्र : ८१-७७.