मदत हवी आहे: स्पॅनिश आरमार आणि पार्माचं सैन्य यांची गाठ नेमकी कशी पडणार होती?

वाचनालयाच्या अभ्यासमंडळात १५८८ च्या स्पॅनिश आरमारावर वीस मिनिटं बोलायचं आहे. वैराची बाजू जमली आहे: स्पेनचा राजा दुसरा फिलिप आणि त्याची मेहुणी, इंग्लंडची राणी एलिझाबेथ, धर्माचा तंटा, १५८५ मध्ये इंग्लंडने डच बंडखोरांना उघड दिलेली मदत, १५८७ मध्ये स्कॉटलंडची माजी राणी, कॅथलिक मेरी स्टुअर्टचा इंग्लंडमध्ये शिरच्छेद आणि स्पेनच्या काडिझ बंदरावर इंग्रज दर्यावर्दी ड्रेकचा हल्ला. आरमार लिस्बनहून निघालं, कारण १५८० पासून पोर्तुगालही फिलिपकडे आला होता (म्हणजे गोवा, वसई, चौलही. हे श्रोत्यांना नक्की सांगणार आहे).

अडलंय ते पुढे. सुमारे १३० जहाजं घेऊन निघालेला आरमाराचा सेनापती मेदिना सिदोनिया कॅलेपर्यंत पोचला. नेदरलँड्समधला स्पेनचा सेनापती पार्मा, ज्याचं सैन्य आरमाराच्या संरक्षणाखाली इंग्लंडला न्यायचं होतं, तो जवळच डंकर्कच्या बाजूला, सपाट होड्यांसह. पण तिथला किनारा उथळ, स्पेनची मोठी जहाजं आत जाणार नाहीत, आणि डचांच्या हलक्या बोटी वाट अडवून बसलेल्या. मग पार्मा बाहेर पडणार कसा? एवढी साधी अडचण आधी कुणालाच दिसली नसेल, हे मला पटत नाही.

मराठी विश्वकोश आणि दोन इंग्रजी पुस्तकं पाहिली. सगळी इंग्रजांनी आरमारावर सोडलेली पेटती जहाजं, ग्रेव्हलिन्सची लढाई आणि परतीच्या वादळांवर भर देतात. ते मला माहीत आहे, त्यामुळे ‘वादळाने घात केला’ एवढं उत्तर नको. स्पॅनिश वाचता येत नाही. मराठी, हिंदी, इंग्रजी चालेल.

पार्माने ही अडचण आरमार निघण्याआधी फिलिपला कळवली होती का, आणि राजाने त्यावर काय हुकूम दिला?