टाइप्ड डेटासेट: फॅटचा कॉलम नल असेल तर शून्य भरू का?

प्रश्न
नमस्कार. आमच्या गावच्या दूध संस्थेचं सी-शार्पमधलं जुनं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. त्यात टाइप्ड डेटासेट आहे, म्हणजे टेबलाच्या कॉलमवरून आपोआप तयार झालेले क्लास. संकलनाच्या टेबलात फॅटचा कॉलम डेसिमल आहे, नल (म्हणजे रिकामा) चालतो. परवा सकाळी लाइट गेली, फॅट मशीन बंद पडलं, 22 सभासदांचं दूध नुसतं लिटरवर घेतलं. संध्याकाळी बिलं काढायला बसलो तर पहिल्याच रोला स्ट्राँग टायपिंग एक्सेप्शन: व्हॅल्यू डीबीनल (डेटाबेसमधली रिकामी) आहे. डिझायनरमध्ये कॉलमची नलव्हॅल्यू (रिकामं असेल तर काय द्यायचं ती सेटिंग) बदलायला गेलो तर 'थ्रो एक्सेप्शन' सोडून 'नल' काही घेत नाही. ओळखीचा एकजण म्हणतो, क्वेरीत इजनल (नलच्या जागी दुसरी किंमत देणारं फंक्शन) लावून शून्य दे. मन धजत नाही. शून्य फॅट म्हणजे त्या माणसाने पाणी घातलं असं होतं.

उत्तर 1
'नल' आणि 'एम्प्टी' स्ट्रिंगसारख्या रेफरन्स टाइपलाच चालतात. टाइप्ड डेटासेट 2002 चे, नलेबल टाइप (नल ठेवू शकणारे आकड्यांसारखे टाइप) आले 2005 ला, आणि डेटासेटचा कॉलम ते अजूनही घेत नाही. वाचण्याआधी जनरेट झालेली इज-फॅट-नल मेथड विचारा, रिकामं ठेवायचं तर सेट-फॅट-नल.

उत्तर 2
दादा, शून्य अजिबात भरू नका. एका म्हशीच्या दुधाच्या नोंदी धरा: 7.0, 6.8, रिकामी, 7.2. सरासरी 7.0 यायला हवी. शून्य धरलं की 5.25. दर फॅटवर ठरतो, म्हणजे थेट त्याच्या पैशात कपात.

जागोजागी इफ लिहिण्यापेक्षा डेटासेटच्या डिझायनरवर राइट क्लिक करून व्ह्यू कोड घ्या. तिथल्या पार्शल क्लासमध्ये (त्याच क्लासचा आपण लिहायचा वेगळा भाग) रोच्या क्लासला एक नवी प्रॉपर्टी द्या: वाचताना फील्ड मेथड, टाइप डेसिमल प्रश्नचिन्ह (म्हणजे नलेबल डेसिमल), लिहिताना सेटफील्ड. डिझायनरच्या फाइलला हात लावू नका, पुढच्या सेव्हला ती नव्याने जनरेट होते. लिंकचं (LINQ, सी-शार्पमधली क्वेरीची सोय) ॲव्हरेज नल आपोआप वगळतं.

प्रश्नकर्ता
केलं, चाललं. एक अडचण उरली होती: 'फॅट 6 पेक्षा कमी' या फिल्टरमध्ये ते 22 जण दिसत नव्हते आणि 'जास्त'मध्येही नव्हते. 'इज नल'चा वेगळा फिल्टर लावल्यावर सापडले. आता त्यांच्या पावतीवर फॅटच्या रकान्यात 'तपासणी झाली नाही' असं छापतो आणि दर मागच्या 3 दिवसांच्या सरासरीने लावतो. सचिवांनीही त्याला होकार दिला आहे.