हॉप्सप्रधान एल आणि कार्यक्षमतेचे गणित

प्रश्न : हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुले) ठसठशीत सुगंध असलेली पेल एल (फिकट रंगाची बिअर) घरी करण्याचा विचार आहे. मागील खेपेस 5 किलो पेल माल्टपासून (मोड आणून वाळवलेली बार्ली) उकळीनंतर 1.052 घनतेचे 20 लिटर वर्ट (किण्वनापूर्वीचा माल्टचा गोड काढा) मिळाले होते. नव्या पाककृतीसाठी कार्यक्षमता, म्हणजे माल्टमधून मिळू शकणाऱ्या अर्कापैकी प्रत्यक्ष वर्टमध्ये उतरणारा वाटा, किती धरावी?

उत्तर 1 : चांगल्या पेल माल्टच्या एका किलोतून जास्तीत जास्त सुमारे 300 लिटर-अंश (लिटर गुणिले घनतेचे 1.000 वरचे अंश; 1.052 म्हणजे 52) मिळतात, म्हणजे 5 किलोतून 1500. आपल्याला 52 गुणिले 20, अर्थात 1040 मिळाले, म्हणून कार्यक्षमता 69 टक्के धरावी. मात्र घनता 20 अंश सेल्सिअसपर्यंत थंड केलेल्या वर्टचीच मोजलेली असावी, कारण गरम द्रवात हायड्रोमीटर (घनता मोजणारे तरंगते उपकरण) खोल बुडतो आणि आकडा कमी दिसतो.

उत्तर 2 : कार्यक्षमता वाढवायची असल्यास आधी माल्टचा भरडा तपासावा. टरफले बऱ्यापैकी शाबूत आणि आतला पिठूळ गर फुटलेला हवा.

उत्तर 3 : 69 टक्के उत्तमच आहेत, दर खेपेस तेवढेच मिळणे अधिक मोलाचे. कडवटपणासाठी थोडे हॉप्स 60 मिनिटे उकळावेत, सुगंधासाठीचे आच बंद केल्यावर आणि किण्वन ओसरल्यावर घालावेत. भिजलेले हॉप्स बरेच द्रव धरून ठेवतात, त्यामुळे एक-दोन लिटर वर्ट आणि त्या प्रमाणात माल्ट सुरुवातीलाच वाढवून धरावे, असा माझा आग्रह राहील.