छोटी गाडी घेताना इंजिनची धास्ती, वापरलेल्यांनी अनुभव सांगा

दोन गाड्या डोक्यात आहेत, एक १.२ लिटरची साधी पेट्रोल, दुसरी १ लिटर तीन सिलिंडर टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारा पंखा असलेली). टर्बो चालवून बघितली आणि मन तिथंच अडकलंय, पण घरात जो तो म्हणतोय एवढंसं इंजिन, त्यावर टर्बो, टिकणार किती? गाडी दहा वर्षं तरी ठेवायचीय. ऐकीव नको, स्वतःचं सांगा.

—

माझी १ लिटर टर्बोच, ८५ हजार किमी झाले, इंजिनचा काहीही त्रास नाही. ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच घालते, आणि जोरात पळवून आणली की लगेच बंद न करता अर्धा मिनिट चालू ठेवते, टर्बोच्या बेअरिंगला तेल मिळत राहतं.

—

इंजिनच्या व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर करवणारी टायमिंग चेन आहे की बेल्ट, आणि बेल्ट असेल तर तो ऑइलमध्ये भिजत फिरणारा आहे का, हे आधी विचारा!! माझ्या गाडीत तसलाच होता, मला घेताना कोणी बोललं नाही. बेल्ट झिजत गेला, त्याचा भुगा ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसला आणि चालत्या गाडीत ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला. तिथल्या तिथं बंद करून टो केली म्हणून इंजिन वाचलं, अजून थोडं रेटलं असतं तर बेअरिंग गेलीच होती.

—

आईची गाडी डायरेक्ट इंजेक्शनवाली, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारी, रोज जेमतेम २-३ किमी. डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढली तर ऑइल कमी व्हायचं सोडून वाढलेलं, वर पेट्रोलचा वास. मेकॅनिक म्हणाले इंजिन पुरतं तापतच नाही, पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरलेलं पेट्रोल उडून जायला वेळच मिळत नाही. आता आठवड्यातून एकदा लांब फेरी मारतो आणि ऑइल लवकर बदलतो.

—

साधं इंजिन, ११ वर्षं, दीड लाख किमी. पिकअप नाही, ओव्हरटेकला गिअर पाडावाच लागतो. इंजिन एकदाही उघडलेलं नाही.

—

नवी गाडी ऑइल प्यायला लागली, सर्व्हिसवाले म्हणे नॉर्मल आहे. मग दर हजार किमीला डिपस्टिकचा फोटो, किती टॉपअप केलं ते, सगळं तारखेसकट लिहून ठेवलं, तेव्हा कुठं वॉरंटीत पिस्टन रिंगा बदलून मिळाल्या. बिलं जपा.

—

मनापासून आभार सगळ्यांचे. चेन का बेल्ट ते दोन्हींचं विचारतो. आणि माझं ऑफिस ४ किमीवर आहे, हा विचार मी केलाच नव्हता. साधीकडे झुकतोय, बायको अजून टर्बोच म्हणतेय. रविवारी दोन्ही परत चालवून बघणार, या वेळी थंड इंजिनपासून.